मावशी, सही करू का?

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला स्टडी परमिटवर आहे, कॉलेज करून वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करतो. म्हणे ब्रेकमध्ये एकाने युनियनचं कार्ड (ही युनियन मला हवीय असं सही करून सांगायचं) हातात दिलंय, सही करू का, बाकीची मुलं म्हणतायत पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, अडकेल. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण आपली कितीतरी मुलं ऑन्टारिओत हेच काम करतात आणि ही पीआरची भीती कुणी ना कुणी त्यांच्या डोक्यात घातलेली असते.

सहीचा आणि पीआरचा काडीचा संबंध नाही. कार्ड युनियनकडून थेट लेबर बोर्डाकडे, म्हणजे कामगार-मालक प्रकरणं बघणाऱ्या प्रांताच्या मंडळाकडे जातं आणि सही कुणी केली हे बोर्ड मालकाला कळू देत नाही. सही केली म्हणून धमकावणं, शिफ्ट कापणं, काढून टाकणं हे सगळं बेकायदा आहे, आपल्याकडे ज्याला अनुचित कामगार प्रथा म्हणतात तेच.

ऑन्टारिओत ज्या गटासाठी युनियन हवीय त्यातल्या किमान 40 टक्के लोकांची कार्डं जमली की अर्ज होतो, आणि शनिवार-रविवार सोडून साधारण पाच दिवसांत गुप्त मतदान. मत टाकणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले की बोर्ड सर्टिफिकेट देतं, मग मालकाला त्या युनियनबरोबर बोलणी करावीच लागतात, मनात असो नसो. ही सक्ती देशभर आली 1944 ला, दुसरं महायुद्ध चालू असताना पंतप्रधान मॅकेन्झी किंगच्या सरकारने काढलेल्या पी.सी. 1003 या आदेशाने. त्याआधी मालकाने नुसतं समोर बसून बोलावं यासाठीच लोकांना संप करावे लागायचे.

पाचच तर दिवस, असं वाटतं ना? मी ते पाच दिवस बघितलेत. 2018 ला मी ज्या वेअरहाऊसमध्ये पॅकिंगला होते (नाव घेत नाही) तिथे आम्ही थंडीत पार्किंगमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर कार्ड ठेवून सह्या घेतल्या, पेनातली शाई गोठायची म्हणून एक पंजाबी काकू पेन स्वेटरच्या आत धरून बसायच्या. निम्म्याहून जास्त लोकांनी सह्या केल्या होत्या. अर्ज गेला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज शिफ्टच्या सुरुवातीला मीटिंग, कामाच्या वेळेत, पगारी, म्हणजे बसायलाच लागायचं. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तर काय होईल, वर्गणी किती कापतील, हेच. धमकी म्हणता येईल असं एक वाक्य नाही. मतदान लंचरूममध्ये झालं, मायक्रोवेव्हच्या शेजारी पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून. काकू चिठ्ठी टाकून बाहेर आल्या त्या कुणाकडे न बघता थेट लाइनवर गेल्या. आम्ही हरलो, आणि मग वर्षभर परत अर्ज करायला बंदी.

म्हणून माझं मत ठाम आहे की निम्म्याहून जास्त लोकांनी सही करून सांगितलं असेल तर तेवढं पुरे धरावं. ऑन्टारिओतही पूर्वी पुरेशी कार्डं असली की काम व्हायचं, 1995 ला माइक हॅरिसच्या सरकारने मतदान सक्तीचं केलं. बांधकाम कामगारांना 2005 ला कार्डाचा रस्ता परत मिळाला, वेअरहाऊसवाल्यांना नाही. दुसऱ्या प्रांतांत बघा, क्वेबेकमध्ये निम्म्याहून जास्त सह्या पुरतात, ब्रिटिश कोलंबियात 2022 पासून 55 टक्के. बँका, विमान कंपन्या केंद्राच्या कायद्याखाली येतात, तिथेही 2017 ला कार्ड परत आलं.

हे लिहिताना बाबा आठवतात. लालबागला गिरणीत होते, 1982 च्या संपात घरी बसले ते कायमचेच. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत यांच्या मागे, पण कायद्याच्या दृष्टीने मुंबईच्या सगळ्या कापड गिरण्यांसाठी बोलायचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. बाबा म्हणायचे, आमचं एकदा मत तरी घ्या. मला कुणी म्हणेल बापाला मतदान हवं होतं आणि तू ते नको म्हणतेस. पण बाबांचं म्हणणं एवढंच होतं की माझ्या वतीने कोण बोलणार ते मला विचारा. तेच विचारणं पाच दिवस मालकाच्या मीटिंगांमध्ये बसवून झालं तर कामगाराचं खरं उत्तर बाहेर येत नाही, हे मी डोळ्याने पाहिलंय.

आणि भाच्याला हेही सांगितलं की सर्टिफिकेट मिळालं म्हणजे जिंकलो असं नाही. क्वेबेकमधल्या लावालच्या ॲमेझॉन वेअरहाऊसला मे 2024 मध्ये युनियन मिळाली, जानेवारी 2025 ला कंपनीने क्वेबेकमधली सातही केंद्रं बंद करायचं जाहीर केलं, 1,700 च्या वर कायम कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. याचा युनियनशी संबंध नाही असं कंपनी म्हणते, मला ते पटत नाही. हे ऐकून तो बराच वेळ गप्प होता. लपवायचं कशाला, सही त्यानेच करायचीय.

काल रात्री परत फोन. केली म्हणाला. मी पहिलं विचारलं, तारीख घातलीस का सहीजवळ? बोर्डाला तारीख लागते. नव्हती घातली. मग फोन चालू ठेवूनच कार्डवाल्या मुलाला शोधायला गेला.