गाडी दारात उभी असली, तरीही
ज्येष्ठांची गाडी फारशी बाहेर निघत नसल्याने त्यांना केवळ थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे इतरांचे झालेले नुकसान भरून देणारा) पुरेसा आहे, हे एका लेखातील विधान सांगलीकराला पटणे कठीण आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझीही गाडी बाहेर निघाली नव्हती. ती तळमजल्यावर उभी असतानाच कृष्णेचे पाणी तिच्यात शिरले आणि थर्ड पार्टी विम्यातून स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळत नसल्याने सारा खर्च पेन्शनमधून करावा लागला.

आता मी स्वतःच्या गाडीचेही नुकसान भरून देणाऱ्या सर्वसमावेशक विम्यासोबत इंजिन प्रोटेक्शन हे जादा संरक्षणही घेतो, कारण पाण्यात उभी गाडी सुरू करताना इंजिन निकामी झाल्यास साध्या पॉलिसीत तो दावा बहुधा नाकारला जातो. हप्ता वाचवायचाच असेल, तर सलग पाच वर्षे दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या (ओन डॅमेज) हप्त्यावर मिळणारी ५० टक्के सवलत (ती गाडीची नव्हे, मालकाची असते) नवीन गाडी घेतानाही मागून घ्यावी.