आयसीएमपी सरसकट बंद करू नका

‘लिनक्स सर्व्हर पाच मिनिटांत सुरक्षित करा’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या भाच्यापर्यंत आला. त्याचा प्रश्न: “मामा, आजच लावू का?” अजिबात नको.

सगळ्यात घातक सल्ला पहिलाच आहे, आयसीएमपीबद्दलचा (पिंग आणि नेटवर्कमधल्या अडचणींचे निरोप नेणारा प्रोटोकॉल): ‘फायरवॉलच्या पहिल्या ओळीत सगळं आयसीएमपी ड्रॉप करा, हॅकरला सर्व्हर दिसणारच नाही.’ दिसणार कसा नाही? वेबसाइटसाठीचं पोर्ट ४४३ उघडंच आहे ना! एनमॅप या पोर्ट शोधणाऱ्या टूलला ‘-पीएन’ दिलं की तो पिंग वगळून थेट पोर्ट तपासतो.

नुकसान होतं ते तुमचं. सर्व्हर १५०० बाइटची पॅकेट्स ‘तुकडे करू नका’ अशी खूण लावून पाठवतो. वाटेत पीपीपीओई (काही ब्रॉडबँड जोडण्यांची पद्धत) असेल तर तिथे १४९२ मावतात, वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये सहसा १४२०. मोठं पॅकेट राउटर टाकून देतो आणि उलट निरोप धाडतो: आयसीएमपी टाइप ३, कोड ४, एवढ्याच आकाराचं पाठव. तो निरोप तुम्ही दारातच अडवलात, म्हणून सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. लक्षण ठरलेलं: एसएसएचने (दुरून कमांड देण्याची सोय) लॉगिन होतं, मोठ्या फोल्डरवर ‘एलएस -एल’ (फाइलींची यादी) दिलं की स्क्रीन गोठते. लहान पॅकेट्स निघून जातात, मोठी अडकतात. तो नियम काढा आणि सर्व्हरवरून ‘पिंग -एम डू -एस १४७२’ देऊन बघा (हेडरचे २८ धरून १५००). अडचण जिथे आहे तिथला राउटरच एमटीयू, म्हणजे मावणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार, किती ते सांगेल.

आयपीव्ही६वर तर शेजारच्या गेटवेचा (बाहेर नेणाऱ्या राउटरचा) मॅक पत्ता, म्हणजे हार्डवेअरचा क्रमांकही, आयसीएमपीव्ही६नेच शोधला जातो. ते बंद केलं की आयपीव्ही६ बंद. २००७चा आरएफसी ४८९० (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) नेमका याच विषयावर आहे: ‘पॅकेट टू बिग’ अडवायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मेसेज फॉरवर्ड करण्याआधी तेवढा तरी वाचायचा.

एक मान्य: रीडायरेक्ट (‘दुसऱ्या वाटेने जा’ सांगणारे आयसीएमपी निरोप) नकोतच, कर्नलचं ‘ॲक्सेप्ट_रीडायरेक्ट्स’ सेटिंग शून्य ठेवा. पिंगच्या विनंत्यांवर दर सेकंदाची मर्यादाही घाला. पण आधी फायरवॉलमध्ये ‘एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड’ला (चालू जोडण्या आणि त्यांच्याशी संबंधित निरोप) ॲक्सेप्ट, आणि आयपीव्ही६साठी आयसीएमपीव्ही६चे टाइप १३३ ते १३६ (शेजारी आणि राउटर शोधणारे) उघडे.

दुसरा सल्ला: ‘दोन्ही नेटवर्क कार्डांना डिफॉल्ट गेटवे द्या, एक लाइन गेली तर दुसरी चालेल.’ नाही चालणार. कर्नल कमी मेट्रिकचा (पसंतीचा आकडा) रूट धरतो, आणि पुढे प्रोव्हायडरकडे लाइन तुटली तरी कार्डाची लिंक चालूच दिसते, त्यामुळे रूट हलत नाही. शिवाय दुसऱ्या कार्डावर आलेल्या विनंतीचं उत्तर पहिल्या कार्डातून निघतं. पत्ता परका दिसला की प्रोव्हायडर ते फेकून देऊ शकतो. दुसऱ्या लाइनसाठी वेगळं राउटिंग टेबल करा, उदाहरणार्थ १००. तिचा डिफॉल्ट त्यात टाका आणि ‘आयपी रूल’ने त्या कार्डाच्या पत्त्यावरून निघणारं सगळं तिकडे वळवा. लाइन तुटली की रूट बदलायला मात्र पलीकडचा पत्ता तपासणारी स्क्रिप्ट लागेलच.

‘स्पीडसाठी आयपी_फॉरवर्ड १ करा’ हे तर निव्वळ खोटं. त्याने सर्व्हर राउटर होतो. व्हीपीएन किंवा डॉकर (ॲप्स कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) चालवत असाल तर ते लागतं, एरवी शून्यच राहू द्या.

आणि कार्डांचे, रूटचे बदल दूरच्या मशीनवर नेटप्लॅनमधून (उबुंटूचं नेटवर्क मांडणारं टूल) करताना ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी मांडणी परत येते.