ती जाहिरात बंद झाली नव्हती

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय, ‘अमेरिकेत जाड बाईच्या ब्राच्या जाहिरातीवर बंदी.’ हे खरं नाही. प्रकरण २०१० चं. लेन ब्रायंट ही मोठ्या मापाचे कपडे विकणारी कंपनी. मॉडेल अ‍ॅशली ग्रॅहम असलेली आपली जाहिरात दाखवायला एबीसी आणि फॉक्स या टीव्ही वाहिन्या खळखळ करतात, व्हिक्टोरियाज सीक्रेट या अंतर्वस्त्रांच्या ब्रँडच्या मात्र बिनबोभाट लावतात, असा कंपनीचा आरोप होता. वाहिन्यांनी भेदभाव नाकारला. शेवटी जाहिरात फॉक्सवरच, ‘अमेरिकन आयडॉल’मध्ये लागली.

बंदी नव्हती, पण कंपनीचा राग मला रास्त वाटतो. कापड तेवढंच, अंग भरलेलं असलं की तेच अश्लील कसं? गोखले रोडच्या दुकानात बेचाळीसचं माप मागताना आपल्या बायका अजून आवाज खाली आणतात. तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका.