प्रतिक्रियेला उत्तर : सोफ्यावर बसून पाहिलेला 'द डिसाइपल'

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी वाचली आणि डबे भरून झाल्यावर पुन्हा एकदा वाचली. 'मिक्सर चालू असताना पाहिलेल्या सिनेमावर मत देणं म्हणजे एसटीच्या खिडकीतून दिसलेल्या किल्ल्याचा इतिहास लिहिणं' हे वाक्य झकास आहे. नवऱ्याला वाचून दाखवलं, तर तो गरजेपेक्षा जास्त हसला.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शास्त्रीय गायक व्हायला धडपडणाऱ्या शरदची गोष्ट सांगणाऱ्या, चैतन्य ताम्हाणेंच्या 'द डिसाइपल' या मराठी सिनेमाबद्दल मी तीन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, सिनेमा उगाच संथ आहे. दोन, चित्रण दूरदर्शनवरच्या जुन्या नाटकासारखं सपाट दिसतं. तीन, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा भाग दिग्दर्शकाने फार सोपा करून टाकलाय. त्यावर तुमचं म्हणणं असं की तीन रात्री तुकड्यातुकड्याने पाहणाऱ्या बाईला वेगाबद्दल बोलायचा हक्क नाही, सपाट दिसलं तो दोष माझ्या टीव्हीच्या सेटिंगचा, आणि स्पर्धेचा भाग हा तर सिनेमाचा गाभा. शेवटी सल्लाही आहे : आधी चित्रपट रसास्वादाचं शिबिर करा, मग मतं मांडा.

त्याच सिनेमात एक जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्राहक शरदला त्याच्या गुरूंबद्दल नको ते ऐकवतो आणि शरद समोरचा ग्लास त्याच्या तोंडावर रिकामा करतो. माझ्या हातात तेव्हा चहाचा कप होता. पण तुमचे दोन मुद्दे बरोबर निघाले, म्हणून चहा पिऊन टाकला.

आधी सपाटपणाचं. शनिवारी मुलाला बसवून टीव्हीचं सगळं सेटिंग उघडलं. चित्र 'गुळगुळीत' करणारी एक सोय आमच्या टीव्हीत पहिल्या दिवसापासून चालू होती! तुम्ही लिहिलंय तसंच आहे सगळं : सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो आणि टीव्ही मधल्या जागा अंदाजाने स्वतःची चित्रं घालून भरतो. दूरदर्शनचं व्हिडिओचित्रण सेकंदाला पन्नास वेळा हलत्या चित्राचा मागोवा घ्यायचं. म्हणून आमच्या वयाच्या डोळ्यांना असलं गुळगुळीत चित्र दिसलं की थेट मुंबई केंद्राचा स्टुडिओ आठवतो. २०१८ च्या डिसेंबरात खुद्द टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना ही सोय बंद करायची विनंती केली होती, हेही मुलानेच सांगितलं. म्हणजे मी छायाचित्रकाराला जे बोलले ते खरं तर आमच्या टीव्हीला बोलायला हवं होतं. सोय बंद करून पहिली वीस मिनिटं पुन्हा लावली. मैफलीच्या खोलीतला अंधार, गवयाच्या मागे तंबोऱ्यावर बसलेला शरद, त्याच्या चेहऱ्याकडे अगदी सावकाश सरकणारा कॅमेरा, हे सगळं मी पहिल्यांदाच पाहत होते म्हटलं तरी चालेल. ते वाक्य मी मागे घेतलं आहे.

आता संथपणा. इथे तुम्हाला माहीत नसलेला गुन्हाही कबूल करते. तिसऱ्या रात्री उरलेला भाग मी फोनवर पाहिला आणि वेग सव्वापट केला. २०२० पासून नेटफ्लिक्सने फोनवर ती सोय दिली आहे. बोट आपोआप तिकडे जातं. आणि मी काय पळवलं, तर रात्रीच्या मुंबईत शरद मोटारसायकलवरून जातोय आणि कानात माईंची, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंची, ध्वनिमुद्रित व्याख्यानं चालू आहेत, ते प्रसंग. दिग्दर्शकाने मुद्दाम मंद गतीत घेतलेले! त्याने सावकाश केलं, मी बटण दाबून पळवलं आणि वर लिहिलं की सिनेमा संथ आहे.

त्यातही माईंचा आवाज सुमित्रा भावेंचा. 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'अस्तु', 'कासव' करणाऱ्या भावेबाईंचा. १९ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या आणि ३० एप्रिलला हा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. रिकामा रस्ता, दिव्यांचे पिवळे ठिपके, आणि साधनेला निघायचं तर एकटं आणि उपाशी राहायची तयारी ठेव असं शांतपणे सांगणारा त्यांचा आवाज. मी रविवारी तो योग्य वेगाने ऐकला. मध्ये उठले नाही. त्या बोलण्यात दोन वाक्यांमधली शांतता जास्त बोलते, आणि सव्वापटीत सगळ्यात आधी तीच जाते. सिनेमा संथ आहे हे मत अजूनही आहे, पण 'उगाच' हा शब्द काढला.

इथवर तुमचं ऐकलं. आता थोडं माझं ऐका.

तुम्ही विचारलंय, 'थेटरात जाऊन पाहायला काय झालं होतं?' कुठल्या थेटरात? ३० एप्रिल २०२१ ला महाराष्ट्रातली सगळी चित्रपटगृहं करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे बंद होती, ती उघडली २२ ऑक्टोबरला. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळवलेला मराठी सिनेमा महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाने पाहिला तो घरातच. कुणी सोफ्यावर, कुणी पलंगावर, कुणी आजारी माणसाच्या उशाशी बसून. पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये अंधारात बसून शिकलेले तुमच्यासारखे लोक भाग्यवान. पण हा सिनेमा पोचला तो आमच्यासारख्यांच्या घरात, आणि घरात पाहिल्यावर काय वाटलं हे घरातल्या माणसानेच सांगायचं ना?

घरात पाहण्याचा एक फायदाही असतो. शेजारी आई बसलेली असते. आमची आई सिनेमाची समीक्षा वाचत नाही, पण आकाशवाणीवरचं शास्त्रीय गाणं तिने चाळीस वर्षं ऐकलंय. शरद शास्त्रीय गायनाच्या स्पर्धेत गायला बसतो तेव्हा निकाल लागायच्या कितीतरी आधी ती म्हणाली, 'याचा गळा नाही अडला, याचं मन अडलंय. हा दुसऱ्यासारखं गायला बघतोय.' अख्खा सिनेमा यावरच तर आहे. थेटरात तिला मी 'शू' केलं असतं.

आणि स्पर्धेच्या कार्यक्रमाबद्दलचा माझा तिसरा मुद्दा मी अजिबात मागे घेत नाही. रविवारी नीट पाहूनही नाही. सिनेमात एक साधी मुलगी गाण्याच्या कार्यक्रमात येते आणि शरद घरी टीव्हीवर तिला पाहत राहतो. हळूहळू तिचे कपडे बदलतात, गाणं बदलतं, झगमगाट येतो. उरलेला सगळा सिनेमा कुणालाच सरळ काळं किंवा पांढरं रंगवत नाही. गुरुजी थोर आहेत आणि कठोरही, माई पूज्य आहेत आणि त्यांच्याबद्दल शंकाही आहेत. या मुलीच्या वाट्याला मात्र एकच रंग येतो. तुमच्या मते हा 'बाजार विरुद्ध साधना' असा आवश्यक विरोध आहे. मला तो पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यासारखा वाटतो.

कारण त्याच पडद्यावर आम्ही वेगळंही पाहिलंय. २००८-०९ साली झी मराठीवर 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' चालू होतं. आमच्या मजल्यावर त्या वेळेला जिन्यात माणूस दिसायचा नाही. कार्तिकी गायकवाड अभंग गायची, प्रथमेश लघाटे नाट्यगीतं गायचा, आर्या आंबेकर अवघड जागा हसत हसत घ्यायची. एसएमएस होते, दिवे होते, परीक्षकांचं अति कौतुक होतं, मुलांवर नको तेवढं ओझंही होतं. पण नाट्यगीत म्हणजे काय हे आमच्या शेजारच्या घरातल्या पोरांना तिथेच कळलं, आणि त्यातल्या दोघी पुढे क्लासला जाऊ लागल्या. एकीने वर्षभरात सोडलं, दुसरी अजून गाते. टीव्हीवरचं गाणं म्हणजे निव्वळ घसरण, असं आमच्या घरात तरी झालं नाही. ताम्हाणेंनी हिंदी छापाचा कार्यक्रम दाखवलाय, त्यामुळे तुलना थोडी तिरकी आहे हे मान्य. तरी त्या मुलीला निदान एक प्रसंग असा मिळायला हवा होता, की शरदला तिचा हेवा वाटावा आणि आपल्याला दोघांचीही दया यावी. हे मत मला रसास्वादाच्या शिबिरात मिळालं नसतं. ते रोज रात्री जेवणाची ताटं मांडीवर घेऊन टीव्ही पाहण्यातून आलंय.

'पंचायत' या वेबमालिकेला मी चार परिच्छेद दिले आणि 'डिसाइपल'ला दोनच, ही तुमची तक्रार राहिली. त्याचं उत्तर सोपं आहे : आठ भाग आम्ही पाच जणांनी एकत्र, कुणी न उठता पाहिले. अर्ध्या-पाऊण तासाचा भाग जेवण आणि झोप यांच्या मध्ये नेमका बसतो. ज्यावर घरात भांडणं झाली त्यावर जास्त लिहिलं गेलं. यात कुठल्या कलाकृतीचा दर्जा ठरवलेला नाही.

इथून पुढे प्रत्येक लेखाच्या वर लिहीत जाईन : कुठल्या पडद्यावर पाहिलं, किती बैठकीत, किती वेगाने, शेजारी कोण होतं. ही कल्पना तुमच्या रागातूनच निघाली, तेव्हा श्रेय तुमचं. शिबिराचंही बघते. फी आणि रजा दोन्ही जमल्या पाहिजेत.

पुढच्या शनिवारी ताम्हाणेंचाच 'कोर्ट' परत बघायचं ठरलंय. तुम्ही त्यावर प्रतिक्रिया लिहाल याची खात्री आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते : टीव्हीचं सेटिंग बंद आहे, फोन आतल्या खोलीत राहील आणि मिक्सर लावणार नाही असं आईने कबूल केलंय. कुकरचं मात्र तिने काही सांगितलेलं नाही.