घाटात न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचत नाही

पन्हाळ्यावरून वाघबिळाकडं उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची, काहींनी तर चावीच बंद करायची, आणि याला पेट्रोल वाचवणं म्हणायचं. हा समज इतका घट्ट बसलाय की आज सविस्तर लिहितोय.

कार्बोरेटरच्या काळात त्याला थोडा तरी आधार होता. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उलटं होतं. गाडी गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलाय आणि इंजिनचे फेरे मिनिटाला साधारण दीड हजाराच्या वर आहेत, तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद ठेवतो. चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल टाकलं की इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल पुन्हा सुरू होतं. वर गाडी अडवायचा सगळा भार ब्रेकवर. पॅड, ड्रम तापतात आणि ऐन वळणावर पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. चावी बंद केली तर दोन-तीनदा ब्रेक दाबला की ब्रेकला जोर देणारा बूस्टर संपतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं, चावी जरा जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉक. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम आजही बरोबर आहे. गगनबावड्याच्या घाटात तर तो पाळाच.

शहरात खरं पेट्रोल ब्रेकमध्ये जातं. हिशेब करून बघा. माणसांसकट हजार किलोची कार ताशी 50 ला आणायला साधारण 12 मिली पेट्रोल लागतं, आणि ब्रेक मारून थांबवली की ते सगळं उष्णता होऊन जातं. कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल लांबूनच लाल दिसतोय, तरी रेस देत जाऊन करकचून ब्रेक मारणारे रोज दिसतात. लाल दिसला की पाय काढा, गाडी गिअरमध्येच घरंगळत जाऊ द्या. पोचेपर्यंत हिरवा झाला तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवरूनच पुढं निघता येतं. थांबावंच लागलं आणि अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ असेल तर इंजिन बंद करा. छोटी कार उभ्या-उभ्या तासाला अर्धा ते पाऊण लिटर पिते, पुन्हा चालू करायला लागतं ते दहा सेकंदांच्या आयडलिंगइतकंच.

ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीमागं अडकल्यावर अगदी चिकटून चालवू नका. चार-पाच गाड्यांचं अंतर ठेवलं तर एका संथ वेगात जाता येतं, नाहीतर दर मिनिटाला ब्रेक आणि पिकअप. ओव्हरटेकला रस्ताही लांबवर दिसतो, हे तर जिवाचं काम आहे.

हायवेवर 80 ऐवजी 100 नं गेलात तर हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. कोल्हापूर ते सातारा या सुमारे 120 किलोमीटरला वाचतात ती जेमतेम 18 मिनिटं, तीही सगळा रस्ता मोकळा मिळाला तर.

दुचाकीवाल्यांची दोन दुखणी आहेत. महाद्वार रोडच्या गर्दीत हाफ क्लचवर रांगणं, आणि मागच्या ब्रेकवर पाय टेकवून ठेवणं. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये ठेवून मागचं चाक हातानं फिरवा. लगेच अडकलं तर ब्रेक घासतोय किंवा चेन जास्त ताणलीय. चेन मधोमध किती ढिली हवी ते मॅन्युअलमध्ये असतं, बहुतेक गाड्यांना दोन-तीन सेंटिमीटर.

टायरची हवा सकाळी, टायर गार असताना बघा. पळून आलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसतात, म्हणून पंपावर ती कमी करून घेतली की गार झाल्यावर टायर बसतो आणि गाडी ओढल्यासारखी चालते. आकडा कारच्या ड्रायव्हरकडच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो.

अ‍ॅव्हरेज मोजायचं तर एकाच पंपावर ऑटो कटपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी तिथंच तशीच भरा आणि पळालेल्या किलोमीटरला दुसऱ्यांदा लागलेल्या लिटरनं भागा. तीन-चार टाक्या तरी मोजा. एका टाकीवरून काही ठरवू नका.