स्कोअरबुकात रकाना नसलेला खेळ

माझा भाचा सांगलीत यंदा दहावीला गेला आणि घरात नेहमीचा विषय निघाला: शाळेच्या बास्केटबॉल संघात त्याला राहू द्यायचं की वर्षभर खेळ बंद? दादा म्हणतो, बंद. वहिनी म्हणतात, राहू दे, वरच्या पातळीवर खेळला तर बोर्डाचे सवलतीचे क्रीडा गुण मिळतील. मला दोघांचंही पटत नाही. वहिनींचं तर जास्तच खटकतं, कारण खेळाची बाजू घेतानाही हिशेब मार्कांचाच चाललाय. अकरावीच्या प्रवेशाला एकेका गुणाने कॉलेज हुकतं, हे मला ठाऊक आहे. तरीही.

मी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात राहते. इथे हायस्कूल बास्केटबॉल हा गावाच्या अभिमानाचा विषय. न्यू कॅसल या लहानशा गावात शाळेच्या जिममध्ये आठ हजारांवर माणसं बसतात. 1954 साली मायलन गावच्या, जेमतेम 161 मुलांच्या शाळेने मन्सी सेंट्रलसारख्या बड्या शाळेला 32-30 असं हरवून राज्याचं विजेतेपद घेतलं. ती गोष्ट इथे अजून सांगतात. शेवटचा बास्केट बॉबी प्लंपचा, त्यामुळे नाव त्याचं झालं. पण त्या क्षणी बाकीचे चौघे बाजूला सरकले आणि त्याला मैदान मोकळं करून दिलं, म्हणून तो बास्केट झाला.

माझी मुलगी तिच्या शाळेच्या ज्युनियर संघात आहे. तिचे पॉइंट फारसे होत नाहीत. तिचं काम स्क्रीन लावायचं, म्हणजे सोबतिणीच्या मागे लागलेल्या खेळाडूच्या वाटेत जाऊन भिंतीसारखं उभं राहायचं. पाय रोवलेले, हात छातीशी घट्ट. धडक बसेपर्यंत हलायचं नाही, हललं तर फाउल आपलाच. दणका बसतो, सोबतीण मोकळी सुटते, बास्केट करते, टाळ्या तिला मिळतात. स्कोअरबुकात पॉइंट लिहितात, फाउल लिहितात, स्क्रीनला रकानाच नाही. पण खेळ थांबला की ती सोबतीण आधी हिच्याकडे धावत येते. आपलं काम कुणी मोजलं नाही तरी ते चोख करायचं, आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांना ते कळतं, हे पंधराव्या वर्षी अंगात मुरतंय. माझ्या शाळेत मला हे कुणी शिकवलं नाही. तिथे प्रत्येकाचा नंबर वेगळा, आणि शेजारचा पुढे गेला की आपण मागे.

इथलं सगळंच चांगलं आहे असं नाही. निवड चाचणी झाली की यादी लागते, नाव नसलेल्यांचा त्या मोसमापुरता विषय संपतो. यादीत यायचं तर आधीपासून क्लबकडून खेळलेलं बरं, आणि क्लबची फी सगळ्यांना झेपत नाही. संघात शिकलेलं गावात आपोआप उतरतं असंही नाही. 1955 साली इंडियानापोलिसच्या क्रिस्पस अटक्स या कृष्णवर्णीयांच्या शाळेने ऑस्कर रॉबर्टसन या खेळाडूच्या संघाच्या जोरावर राज्याचं विजेतेपद जिंकलं. त्यांची विजयाची मिरवणूक मात्र शहराच्या मध्यात रेंगाळू न देता कृष्णवर्णीय वस्तीकडे वळवली. मुलांनी एकमेकांसाठी खेळून दाखवलं होतं, शहराची तयारी नव्हती.

एक गोष्ट मात्र इथून उचलावी. ठरावीक संख्येइतक्या विषयांत पास नसलं तर इथे सामन्याला उतरवत नाहीत, त्यामुळे अभ्यासाची चौकशी कोचही करतो. खेळ आणि अभ्यास एकमेकांचे वैरी ठरत नाहीत. आणि संघ काय असतो हे आपल्याला परक्या खेळातून शिकायची गरज नाही. कबड्डीत नाव चढाई करणाऱ्याचं होतं, पण पकड होते ती साखळीने हात न सोडल्यामुळे. शाळेत हा खेळ दहावीच्या नावाखाली बंद होतो, आणि पीटीचा तास गणिताला जातो.

दादाला मी कळवलंय: सरांशी बोलून सराव रोज तासाभरावर आण. चाचणीत गुण घसरले तर तेव्हा बघू, पण संघातून नाव काढू नकोस. जिल्ह्याच्या पहिल्याच सामन्यात हरून परत आला आणि सवलतीचा एक गुण मिळाला नाही, तरीही काढू नकोस.