साडेसात इंचांची साडेसाती

माझी सारी नोकरी एका रेडिओ केंद्रावर टेप योग्य वेगाने फिरते आहे की नाही हे पाहण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर न्यू जर्सीत लेकीकडे हिवाळा काढायला गेलो असताना मात्र मुद्दाम चुकवलेल्या वेगाचे एक गाणे मला डिसेंबरभर रोज दोन वेळा ऐकावे लागले. नातवाला शाळेत सोडायला आणि आणायला गाडी निघे. मागच्या खुर्चीत पट्ट्यांनी जखडलेला नातू ‘चिपमंक लाव’ अशी आईला आज्ञा करी आणि पुढच्या खुर्चीत पट्ट्यानेच जखडलेला मी मुकाट्याने बसे. उतरून पळण्याची सोय दोघांनाही नव्हती. त्याला अर्थातच पळायचे नव्हते.

चिपमंक म्हणजे आपल्या खारीचा पाठीवर पट्टे असलेला अमेरिकन भाऊबंद. गाण्यातले तिघे, अॅल्विन, सायमन आणि थिओडोर, नाताळ लवकर यावा म्हणून विनवण्या करतात, आणि अॅल्विनला शिवाय एक हुला हूपही हवा असतो. पहिल्या दिवशी मला ते गोड वाटले. आठवड्याअखेर अंगणातला बर्फ उपसणाऱ्या फावड्याचा आवाजही त्याच पट्टीत ऐकू येऊ लागला. लेकीच्या परसात खरे चिपमंकही आहेत, पण ते थंडीत बिळात दडी मारतात आणि नाताळाविषयी अवाक्षर काढत नाहीत. त्या प्राण्यांविषयी माझ्या मनात तेव्हापासून नितांत आदर आहे.

ही कल्पना रॉस बागदासारियन या गृहस्थांची. १९५८ साली त्यांनी टेप निम्म्या वेगाने फिरवत ठेवून तिन्ही आवाज स्वतःच, अगदी संथपणे, प्रत्येक अक्षर ताणून गायले आणि मग तीच टेप नेहमीच्या वेगाने वाजवली. वेग दुप्पट झाला की लय दुप्पट होते आणि स्वर बरोबर एक सप्तक वर चढतो, त्यामुळे रेंगाळत गायलेले गाणे ऐकताना नेमके तालात येते. मात्र नुसते तार सप्तकात गाऊन खार होता येत नाही. तसे असते तर आपल्या कित्येक थोर गायिकांना शेंगदाणेच टाकावे लागले असते. टेप पळवली की स्वराबरोबर गळा, टाळू आणि जबडा यांनी आवाजाला दिलेला घुमाराही वर सरकतो, आणि कानाला वाटते की गाणाऱ्याचे अख्खे डोकेच लिंबाएवढे आहे.

हे सारे मला एका पहाटे अनुभवाने कळले होते. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ध्वनिमुद्रित केलेली भजनांची टेप मी झोपेच्या अमलाखाली पंधरा इंचांवर लावली. पहाडी आवाजाचे एक वयोवृद्ध बुवा अर्धा मिनिटभर संपूर्ण जिल्ह्याला पिंजऱ्यातून आळवत असल्यासारखे ऐकू आले, आणि टाळ तर सायकलच्या घंटीसारखे वाजत होते. दुपारी माझ्या हातात मेमो पडला. ‘कर्तव्यात अक्षम्य हयगय’ हे त्यातले शब्द मला अजून पाठ आहेत.

आता अमेरिकेतला न्याय पाहा. १९५९ साली पहिल्यांदाच दिल्या गेलेल्या ग्रॅमी पुरस्कारांत चिपमंकांच्या या गाण्याने तीन पटकावले. एक विनोदाचा, एक बालगीताचा, आणि तिसरा, हे वाक्य मी बसूनच लिहितो आहे, उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचा! तो मिळाला टेड कीप या ध्वनिमुद्रण अभियंत्याला. एवढ्यावर भागले नाही. तिन्ही चिपमंकांची नावे रेकॉर्ड कंपनीतल्या माणसांवरूनच ठेवलेली असून थिओडोर हा त्या टेडच्याच नावाचा आहे. मी इतकी वर्षे स्पूल गुंडाळले, पण स्टुडिओत बिनदिक्कत वावरणाऱ्या झुरळालाही माझे नाव द्यावे असे कुणाला वाटले नाही.

जळफळाटाच्या भरात एका संध्याकाळी मी नातवाला म्हटले, ‘‘त्यात काय मोठेसे, मीही करून दाखवतो.’’ फोनसमोर बसून एका अभंगाचे धृपद निम्म्या लयीत गायलो. ‘विठ्ठल’ म्हणताना दम पुरेना आणि ‘ळ’वर तर जीभ एवढा वेळ टाळूला चिकटून राहिली की लेकीने पाणी आणून दिले. तिने वेग दुप्पट केला. निकाल, खोटे कशाला बोलू, लखलखीत होता. सूर, ताल सगळे जागच्या जागी. फक्त गाणारी खार वारकरी होती. नातू हसून हसून कोचावरून खाली पडला, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीत जाता-येता ‘आजोबा लाव’ सुरू झाले.

तो तुकडा मी मोठ्या अभिमानाने माझ्या त्या मेमोवाल्या साहेबांना पाठवला. आता ते पुष्कळ थकले आहेत आणि कानाला यंत्र लावतात. पाच मिनिटांत उत्तर आले : ‘‘टेप पंधरावर आहे. ताबडतोब साडेसातवर घ्या.’’